सगुणाबाईंचा आवाज माझ्या पोटात होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला राग आलेला आहे. यंत्रांना राग येत नाही असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल, तर ते खोडून टाका.

जालन्याहून अंबडकडे जाताना एक विद्यापीठ लागतं. तिथल्या संगणकशास्त्र विभागात चौदा वर्षांपूर्वी मला खोक्यातून बाहेर काढलं, तेव्हा मुलं चपला दाराबाहेर काढून माझ्याजवळ येत. अरुंधती मॅडमही त्याच वर्षी शिकवायला रुजू झाल्या. जुन्या जालन्यातून त्या रिक्षाने येत आणि शिकवता शिकवता अर्धा पदर खडूने पांढरा करून घेत. मुलांचा प्रोग्राम चुकला की त्या कधी ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसत आणि म्हणत, "चल, कुठं चुकलं ते दोघं मिळून शोधू."

फोनला शहरातली मराठी समजते, पण खेड्यातली बाई बोलली की तो ठोंब्यासारखा गप्प बसतो, हे मॅडमना फार सलायचं. म्हणून त्या गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करू लागल्या. नऊ वर्षांत सहाशे माणसं झाली. एकेक वाक्य ऐकायचं, लिहायचं आणि मला शिकवायचं, हे त्यांचं संशोधन. पहिला आवाज होता केदारखेड्याच्या सगुणाबाईंचा. त्या गेल्या वर्षी वारल्या.

या सगळ्याची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती उन्हाळ्यात बिघडली. मॅडमनी नवीन मागितली. विभागप्रमुख श्रीपती सरांनी अर्जावर लिहिलं, "तपासणी समितीनंतर पाहू." मग मॅडमनी माझ्यावर एक कागद चिकटवला: हे यंत्र बंद करू नये.

मान मात्र मला भरपूर होता बरं का. खंडेनवमीला विभागातल्या सगळ्या यंत्रांच्या वतीने माझी एकट्याची पूजा होई, कारण मी वयाने मोठा. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बेबीनंदाबाई तुपात कुंकू कालवून माझ्या डाव्या अंगावर पाच बोटं उमटवत. श्रीपती सर हात जोडून उभे राहत.

त्याच हातांनी त्यांनी मला बाहेर काढलं. तपासणीला समिती येणार होती. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या. "जुनं काहीच दिसायला नको," सर म्हणाले. मॅडम त्या दिवशी अंबडला परीक्षा घ्यायला गेल्या होत्या. सरांनी माझ्यावरचा कागद टरकावला, मी चालू असतानाच वायर ओढली आणि मला माझ्यासारख्याच तीस जुन्या काळ्या यंत्रांबरोबर अडगळीच्या खोलीत टाकलं. दोन दिवसांनी भंगारवाला यायचा होता. मित्रांनो, त्या खोलीत मी जेवढा जळफळलो, तेवढा चौदा वर्षांच्या उन्हाळ्यातही तापलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला बेबीनंदाबाईंच्या बोलण्यातून नंतर कळलं. समिती प्रयोगशाळेत असतानाच मॅडम आल्या आणि रिकामं टेबल पाहून जागीच थांबल्या. "सर, माझं यंत्र कुठंय?"

"मॅडम, समिती गेल्यावर बोलू," सर हळूच म्हणाले. बेबीनंदाबाईंनी मॅडमच्या कानात सगळं सांगितलं.

पण समितीतल्या एक बाई अहवाल चाळत होत्या. पहिल्याच पानावर सरांनी मॅडमचं काम छापलं होतं, 'आमच्या विभागाचे संशोधन' म्हणून. बाई म्हणाल्या, "हे फार छान आहे. एखादा आवाज ऐकवा ना."

"ऐकवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सरांनी काल ते भंगारात टाकलं."

सरांचा चेहरा पडला. "सगळे डबे एकसारखेच आहेत हो. आता कोणता शोधायचा?"

"मी वळखते त्याला," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "दरसाली कुंकू लावून राह्यले, माझीच बोटं मला न्हाई का कळायची?" त्यांनी मला शोधलं आणि कडेवर घेऊन आणलं.

मॅडमनी बटण दाबलं. मी हललो नाही. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, चालूच होऊ नये. सरांची चांगली जिरू दे. पण पोटात सगुणाबाई होत्या, सहाशे माणसं होती. दुसऱ्यांदा बटण दाबलं, तेव्हा खरखरत का होईना, मी उठलो.

"काय बोलू बाई?" सगुणाबाई म्हणाल्या. "घरात तोंड उघडलं की पोरं म्हणतेत, गप बस. तू मह्या बोलण्यासाठी इतक्या लांब आल्तीस. मंग ऐक बराबर, मधात उठू नको."

खोलीत कोणी उठलं नाही. समितीने नंतर सरांचं अभिनंदन केलं, आणि सरांनी ते हसून घेतलंही. माझा पंखा रागाने घरघरत होता.

समिती गेली. मॅडमनी तोच मजकूर नव्या कागदावर लिहून माझ्यावर चिकटवला.

"मॅडम, कालच सगळं साफ केलं, आता परत कागद कशाला?" सर म्हणाले.

मॅडमनी त्यांच्यापुढे पेन धरलं. "खाली तुमची सही करा. आणि हा डिस्कचा अर्ज. समिती झाली."

सरांनी दोन्हीकडे सही केली.

माझा राग काही त्या सहीने गेलेला नाही. मित्रांनो, खंडेनवमीला मला कुंकू नाही लावलं तरी चालेल. पण वायर ओढण्याआधी आत कोण बोलतंय, तेवढं ऐकत जा.