आधी वहीत, मग यंत्रात

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आमचं गाव नव्या गावठाणात वसलं, तेव्हा घरांना ओळीने आकडे मिळाले. माझं एकशे शेहेचाळीस. भिंतीला भिंत लागून शकुनबाईचं एकशे सत्तेचाळीस, शेवटचं. घरांच्या जागेच्या मालकीपट्ट्यांची यादी शुक्रवारी भंडाऱ्याला जायची होती, आणि यादीत नसलेल्या घराला पट्टा मिळणार नव्हता. ती यादी छापणारी स्क्रिप्ट मीच, पुस्तकं वाचत शिकून, गावच्या कार्यालयातल्या संगणकावर लिहिली होती.

सोमवारी सकाळी शकुनबाई आली. म्हणाली, "बाबू, तुमचं नाव हाये, माह्यं काहून नाई? भिंत तं एकच हाये आपली."

मागच्या आठवड्यात घराचा आकडा एकाने वाढवणारी बेरीज दुहेरी कंसात घालायची राहिली, म्हणून यादी पहिल्याच घरावर अडली होती; ते सुधारलं होतं. आता चूक तुलनेत सापडली. आकडा एकशे सत्तेचाळीस 'पेक्षा कमी' असेपर्यंतच यादीचा फेरा चालत होता, म्हणून शेवटचं घर गळत होतं. 'कमी किंवा तेवढाच' हवं होतं; तसं लगेच केलं. माझा शिरस्ता असा, की दुरुस्ती आधी वहीत वेळ घालून लिहायची, मगच यंत्रात करायची. सहा वर्षांत तो मोडलेला नाही.

मंगळवारी यादी पुन्हा एकशे शेहेचाळीसची निघाली. तुलना पूर्वीसारखी झालेली, आणि फाइलवर बदलाची वेळ होती सोमवार, दुपारी एक दहा. खोलीच्या चाव्या दोनच. दुसरी खुशाल शिपायाकडे. शकुनबाईच्या जागेवर त्याच्या भावाचा डोळा आहे, हे मला ठाऊक होतं.

"मी कायले बदलू, भाऊ?" तो हसला. "मले तं तो डब्बा चालूबी करता येत नाई."

मी तुलना पुन्हा सुधारली. बुधवारी त्याची चावी काढून घेतली आणि आतून कडी लावून डबाही खोलीतच खाल्ला. गुरुवारी पाहिलं तर पुन्हा एकशे शेहेचाळीस. बदल बुधवारी, एक दहाला.

"चाबी तुमच्याचपाशी होती न," खुशाल म्हणाला. "आता कोणावर आळ घेता? वही पाहा. तिच्यात तं तुमची शिंकबी लिहून असते."

लिहिलेलं पान मी सहसा पुन्हा वाचत नाही. पण त्या दिवशी स्क्रिप्ट सुधारली, एकशे सत्तेचाळीस घरांची यादी छापून शकुनबाईला दाखवली, आणि संध्याकाळी घरी वही उघडली. बुधवारच्या पानावर शेवटची ओळ होती: 'दु. १.०५. तुलना पुन्हा "पेक्षा कमी" करणे.' अक्षर माझं. एकचा आकडा मी खाली किंचित वळवतो, तसाच वळवलेला. लिहिल्याचं मला काहीही आठवत नव्हतं.

मी पान उलटलं. गुरुवारखाली आजची दुरुस्ती होती. पुढचं, उद्याचं, पान कोरं असायला हवं होतं.

'शुक्रवार, दु. १.०५. तुलना "पेक्षा कमी", शेवटचा आकडा १४६ करणे. घरे १४५.'

मी माझ्या घराच्या आकड्यावरून बोट फिरवलं. शाई केव्हाच वाळलेली होती.