सरजाबाईंची पहिली सही

मी परभणीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातली नोंदवही बोलतेय. विशेष संग्रहाच्या कपाटातलं कुणी काय पाहिलं, ते माझ्यात लिहायचं. तारीख, नाव, वहीचा क्रमांक आणि सही. सही नाही तर नोंद नाही, हा नियम. मला त्या नियमाचा भारी तोरा होता. आता त्याच तोऱ्याची मला भीती वाटते.

त्र्याहत्तर साली त्या कपाटात सहा वह्या आल्या. सत्यशीला नावाची विद्यार्थिनी तापानं गेली, तिच्या त्या वह्या. आपल्या आईच्या, सरजाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या तिनं त्यांत उतरवून घेतल्या होत्या.

दर सोमवारी सरजाबाई पिंगळीहून गाडीनं यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शाईच्या डागांवरून त्या पान ओळखायच्या आणि लेकीच्या अक्षरावर बोट ठेवून तीच ओवी हळू म्हणायच्या.

ग्रंथपाल व्यंकटराव शाईची डबी पुढं करत. "मावशी, अंगठा लावा. नोंद होते."

"न्हाई भाऊ. लेकीनं वचन घेतलंय, आता अंगठा लावायचा न्हाई, सहीच करायची. शिकायलेय मी."

व्यंकटराव भला माणूस. डबी मिटायचे आणि वह्या तरी काढून द्यायचे. मी कोरीच राहायची. मला ते रीतीला धरूनच वाटायचं.

तीन वर्षांनी जागा मोकळी करायची ठरली. कुणी न पाहिलेलं काढून टाकायला कॉलेजच्या समितीनं माझी पानं चाळली. त्या सहा वह्यांपुढं एकही सही नव्हती.

"एक बाई येतात, सर," व्यंकटराव म्हणाले.

"नोंद दाखवा."

मी काय दाखवणार होते? वह्या रद्दीत गेल्या.

पुढच्या सोमवारी सरजाबाई आल्या त्या हसतच. त्यांनी मला स्वतः पुढं ओढलं आणि घाम पुसत पाच अक्षरं काढली. शेवटची 'ई' रेघेबाहेर गेली.

"आता दावा वह्या."

व्यंकटरावांनी कपाट उघडून दाखवलं. सरजाबाई कपाटापाशी गेल्या, मोकळ्या फळीवर बोट ठेवून ओवी म्हणू लागल्या. स्वतःचीच ओवी, पण दुसऱ्या ओळीला अडल्या. पुन्हा त्या कधी आल्या नाहीत.

मी आता त्याच फळीवर पडून असते. सोमवारी पिंगळीकडची गाडी शिट्टी देते आणि बंद कपाटात ती अर्धी ओवी सुरू होते. दुसऱ्या ओळीला थांबते. मला फार भीती वाटते, आणि थांबली की त्याहून जास्त.

मला कुणी उघडलंत तर एवढंच करा, माझ्या कोऱ्या ओळी पाहून इथं कुणी आलंच नाही असं म्हणू नका. सरजाबाईंच्या सहीशेजारी वहीच्या क्रमांकाचा रकाना अजून रिकामा आहे. व्यंकटराव दर सोमवारी मला बाहेर काढून पेन उघडून माझ्यापुढं बसतात, आणि तसंच मिटून ठेवतात.