आर्या म्हणजे सैल सोडा

समुद्र अनंत आहे, असे पूर्वसूरींनी म्हणून ठेवले आहे. पूर्वसूरींना जहाज धक्क्याला लावायचे नव्हते. अनंत समुद्र आंबोशी बंदरात संपतो. तिथे काँक्रीटची भिंत आहे.

हेमंतातली सकाळ. खाडीवर दवधूसर, मोतीवर्णी, अर्धजागा उजेड. डोंगराच्या कुशीतून उठलेला मतलई वारा माडांच्या झावळ्या विंचरत, वाळत घातलेली जाळी थोपटत समुद्राकडे निघालेला. आणि त्याच्या उलट, ओहोटीच्या पाण्याला नाक लावून, मंद मंद, मंदाहूनही मंद, धक्क्याकडे येत होती ‘जलपद्मा’.

नाव कमळाचे, पोटात सिमेंट. श्यामोदरी, लोहनितंबा, गंजरक्तवसना अशी ती मालवाहू नौका, माहेरी येणाऱ्या थोरल्या लेकीसारखी, जडशीळ आणि मानी.

तिच्या ब्रिजच्या, म्हणजे सुकाणूघराच्या, डाव्या सज्जात उभी होती कॅप्टन चारुलता तांडेल. आडनावातच नाखवा. आजे-पणजे शिडाच्या होड्या हाकत आले, घराण्यातले पहिले लोखंडी जहाज तिच्या वाट्याला आले, तेही महिनाभराच्या बोलीवर. बोली आज संपत होती. शेजारी उभे होते कंपनीचे सुपरिंटेंडेंट, कॅप्टन गोंधळेकर, हात मागे बांधून, चेहरा मिटून. जहाज नीट लागले तर चारुलता कप्तान. कुठे खरचटले तर पुन्हा चीफ ऑफिसर, आणि पुन्हा दिवसभर ‘हो सर’.

जहाजाला ब्रेक नसतो. जहाजाला पश्चात्ताप असतो. पुढे जाण्याची चूक आधी करायची, मग पंखा उलटा फिरवायचा, आणि मग वाट पाहायची.

त्या पंख्याची एक खोड होती. पाण्याखालच्या हरितकृष्ण अंधारात तो उलटा फिरू लागला की ‘जलपद्मा’ नुसती थांबत नसे, तिचा मागचा भाग अलगद डावीकडे सरके, जणू कुणी सलज्ज सखी सखीच्या खांद्याला टेकावी. चारुलताने ही उपमा कधीच दिली नसती. ती म्हणे, ‘शेपूट डावीकडे जातं.’ धक्का डावीकडेच होता. सारे गणित या एका खोडीवर उभे होते.

आणि धक्क्याच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या नाकाच्या, थेट समोर झोपल्या होत्या मासेमारीच्या होड्या. हिरवी, हळदी, जांभळी. डोळे रंगवलेल्या, झेंडूच्या सुकल्या माळा ल्यालेल्या, कुणाकुणाच्या वर्षभराच्या अन्नाच्या होड्या.

पहिला दोर गेला. नाळेवरून निघून मागच्या बाजूला, धक्क्यावरच्या खुंटाला तिरका बांधलेला, पुढे सरकणाऱ्या जहाजाला मागून पदर धरून थांबवणारा दोर. जहाजावरचे त्याचे टोक लोखंडी खांबांना वेढे देऊन सुलेमान सारंगाच्या आणि त्याच्या दोन खलाशांच्या हातात होते.

“धरा, सुलेमानचाचा!” चारुलता वॉकीटॉकीत म्हणाली.

“धरलाय, मॅडम!”

इथे तिची चूक झाली. जहाज अजून पुढे चालले होते. ते आधी पंख्याने आवरायचे, मग दोराने. पण शेजारी गोंधळेकर होते, आणि गोंधळेकरांच्या देखत उलटा पंखा गरजला असता. तिला नि:शब्द लागायचे होते. कमळासारखे.

दोर आधी ढिला होता. मग ताठ झाला. मग कृश झाला. मग गाऊ लागला. पिळातून पाण्याचे थेंब उडाले, उन्हात क्षणभर माणके झाले, विझले. दोर तुटण्याआधी रडतो, हे समुद्रावर सगळ्यांना माहीत असते. तुटला की चाबकासारखा उलटतो, आणि वाटेत कोण उभे आहे ते पाहत नाही. वाटेत सुलेमानचाचा उभा होता.

एकच शब्द हवा होता. खलाशांची भाषा दोन शब्दांवर तरते. ‘हबेस’ म्हणजे ओढा. ‘आर्या’ म्हणजे सैल सोडा. पंडितांच्या लेखी आर्या हे वृत्त, पुरोहितांच्या लेखी देवी, खलाशांच्या लेखी दोर हळूहळू हातातून जाऊ देणे. तिघांपैकी खलाशांचा अर्थच तेवढा ताबडतोब अमलात येतो.

तिने वॉकीटॉकीचे बटण दाबले. शब्द आला नाही.

सोडावा, तर समोर होड्या. धरावा, तर माणसे. उत्तर तिला ठाऊक होते. पण ते उच्चारणे म्हणजे आपली चूक गोंधळेकरांच्या कानात उच्चारणे. बटण दाबलेले, ओठ उघडे. तो क्षण लांबला, दोरासारखा लांबला, दोरासारखा कृश झाला.

आणि त्याच क्षणी गोंधळेकरांना नात झाली.

म्हणजे झाली होती पहाटेच. फोन आत्ता आला. तो मिटलेला, सुपरिंटेंडेंटी चेहरा कमळासारखा उमलला, आणि चारुलताच्या खांद्यापाशी, दाबलेल्या बटणापासून हातभर अंतरावर, ते आनंदाने ओरडले,

“काय ठेवणार? आर्या? आर्या! अरे वा, आर्या!”

नाळेवर सुलेमानचाचाने ऐकले आणि सोडले. का, कशाला, कोण, काही नाही. वेढे सैलावले, दोर खांबांवरून सरसर उतरला, त्याचे रडणे निवत निवत गुणगुण झाले, गुणगुण निवत निवत श्वास झाला.

तेव्हा चारुलताला आवाज फुटला. “फुल अस्टर्न!”

पाण्याखाली पंखा उलटा फिरला, गर्जून फिरला, बेशरमपणे फिरला. खाडीचा गाळ ढवळून वर आला, दुधाळ, तपकिरी, फेनिल. होड्या जवळ आल्या, त्यांचे रंगवलेले डोळे मोठे झाले, आणि मोठे झाले, आणि तेवढेच राहिले. आणि मग ती खोड, ती प्रिय, ती विश्वासू खोड. ‘जलपद्मा’चे शेपूट डावीकडे निघाले. हळू. अजून हळू. धक्क्यावरच्या जुन्या टायरांनी एकदाच उसासा टाकला.

“हबेस!” चारुलता म्हणाली. या वेळी स्वतः.

दोर आवळले गेले. वॉकीटॉकी खरखरली. “मॅडम, मघाशी आवाज बाप्याचा कसा काय आला?”

“घसा बसलाय, चाचा.”

“मध घ्या. पन ऑर्डर येळेवर दिलीत.”

गोंधळेकरांनी फोन खिशात ठेवला, चेहरा पुन्हा मिटायचा प्रयत्न केला, तो मिटेना. “दोर वेळेवर सोडलात, तांडेलबाई. मी असतो तर धरून बसलो असतो. जहाज तुमचं.”

“सर,” ती म्हणाली, “नातीला माझे आभार सांगा.”

“आभार? अहो, तिने अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत.”

“तरी सांगा.”

गोंधळेकरांनी मान डोलावली. नव्या कप्तानाला आनंदाने काहीतरीच सुचते, हे त्यांनी पूर्वी पाहिलेले होते.

चारुलता सज्जाच्या कठड्याला टेकली. तिला आभार मानायचे होते, आणि आभाराला धक्का पुरत नव्हता. न तुटलेल्या दोराचे आभार. न विचारता सोडणाऱ्या हातांचे आभार, ते दहाही बोटांनी शाबूत नाळेवर बिडी पेटवत होते, त्याचे आभार. उलट फिरण्याची लाज नसलेल्या पंख्याचे आभार. हिरवीचे, हळदीचे, जांभळीचे. आणि कुठल्याशा शहरात, कुठल्याशा पाळण्यात, मुठी वळून निजलेल्या त्या चिमण्या, मिटलेल्या, अजाण जिवाचे, जिने जगात येऊन पहिले काम केले ते तीन खलाशांना वाचवण्याचे, आणि पुन्हा झोपली.

ऊन वर आले. मतलई वारा पडला. खाडीचे पाणी सोन्याचे झाले, सोन्याचे रुपे झाले, रुप्याचे नुसते पाणी झाले.

धक्क्याची क्रेन सिमेंटच्या कोठारावरच्या मधल्या झाकणापर्यंत पोहोचत नव्हती. जहाज वीस हात मागे घ्यावे लागले.