धाकटीची सही

थोरल्याने पिशवीतले मासे धाकट्या बहिणीच्या ओट्यावर काढले आणि धुवायला नळ सोडला, तेव्हा मागून धाकटीचा नवरा ओशाळून म्हणाला,

“दादा, आता मासे नका आणत जाऊ. सहा महिने झाले, आम्ही खात नाही. हिनेच बंद केलेत.”

थोरल्याने नळ बंद केला.

खाडीच्या तोंडाशी तेलविहिरींचं सांडपाणी सुटायला लागल्यापासून त्याच्या जाळ्यात अंगावर चट्टे पडलेले मासे येत होते. पोट चिरलं की रॉकेलसारखा वास. सगळे मासेमार विहिरींच्या फाटकावर जाऊन बसणार होते, पण त्यानेच त्यांना थोपवलं. आपली धाकटी प्रयोगशाळेत मासेच तपासते, तिला शिकवायला आपण शाळा सोडून होडीत चढलो, ती खोटं लिहायची नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. तिच्या सहीचा अहवाल आला : मासे खाण्यास योग्य. त्याने तो स्वतः धक्क्यावर चिकटवला, आणि सगळे पुन्हा जाळी घेऊन निघाले.

धाकटी कामावरून आली. ओट्यावरचे मासे पाहून ती एका पायातली चप्पल तशीच ठेवून उभी राहिली. नवरा बाहेर गेला.

“अहवाल खोटा आहे?” थोरल्याने विचारलं.

आपण लिहिलं होतं ते वेगळंच होतं, असं ती खालच्या आवाजात सांगत राहिली. वरून तीनदा कागद परत आला, बदलीची धमकी आली, चौथ्यांदा तिने सही केली.

“नोकरीपुढे माणसाचं काही चालत नाही, तेवढं कळतं मला. पण माझ्या कानावर तरी घालायचंस.”

“तू गप्प बसला असतास का, दादा?”

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

“सुनेला सातवा लागलाय,” तो म्हणाला. “अंगी लागेल म्हणून मीच आग्रहाने मासे वाढायला लावतो. गेल्या महिन्यात तुझ्या शेजारी बसून जेवली ती. तू मात्र पोट बिघडलंय म्हणालीस.”



त्याने खिशातून फोन काढला, घरी लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढे ठेवला.

“तूच सांग तिला.”

“बोला ना, बाबा,” सुनेचा आवाज आला. “आत्या भेटल्या का?”

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. थोरल्याने फोन उचलला नाही, बंदही केला नाही.