वाढलेला सव्वा मीटर

मित्रांनो, मी एक जुनी निळी दोरी आहे. भुईगावात गुरुदत्तच्या वाडीत पंपाची खोली आहे, तिथे खिळ्याला माझं वेटोळं टांगलेलं असतं. मेघना ही याच घरची, गुरुदत्तची मुलगी. तिची पदकं बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे येतात, पदकांचे फोटो काढतात, चहा पिऊन जातात. माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही, कारण या मुलीचं पोहणं मीच जवळजवळ बंद पाडलं होतं. ते कसं, ते आज एकदाचं सांगून टाकते.

गुरुदत्तने मला वसईच्या बाजारातून आणलं तेव्हा मेघना नऊ वर्षांची होती. आमच्याकडे वाडीला पाणी देण्यासाठी गोड्या पाण्याचं तळं खोदलेलं असतं, त्याला बावखल म्हणतात. मेघना त्यात दिवसभर डुंबायची. पोरीच्या हातात वेग आहे हे गुरुदत्तने ओळखलं. तरणतलाव लांब, तिथे फक्त स्पर्धेपुरतं जाणं व्हायचं. मग त्याने ठरवलं, सराव इथेच करायचा. त्याने स्टीवन गवंड्याचा लांब टेप मागून आणला, बावखलाच्या पायरीतल्या लोखंडी कडीपासून बरोबर पंचवीस मीटर मोजले आणि तिथे माझ्या अंगाला लाल चिंधी बांधली. त्या दिवसापासून मी माप झाले. सांगायला हरकत नाही, मला त्याचा भारी ताठा होता.

दरवर्षी पावसाळा संपला की मला कडीला बांधून पाण्यावर ताणायचे. लाल चिंधी जिथे येईल तिथे दोन नवे बांबू रोवायचे आणि त्यांना आडवी फळी ठोकायची. मेघना पायरीपासून सुटायची, फळीला हात लावून वळायची. अशा चार फेऱ्या झाल्या की शंभर मीटर. गुरुदत्त मोबाइलवर वेळ बघून पंपाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा. दर महिन्याला आकडा खाली यायचा. तेरा वर्षांची झाली तेव्हा तिने एक मिनिट नऊ सेकंद लावले. जिल्ह्यात पहिली आली.

आणि मग तो टेम्पो आला. जुलै महिना होता, शेणखताचा टेम्पो वाडीच्या रस्त्यात चिखलात रुतला. गुरुदत्तने खिळ्यावरून मला ओढून काढलं, एक टोक टेम्पोला बांधलं, दुसरं ट्रॅक्टरला. तासभर हिसके बसत होते. माझे धागे आतून ताणत गेले, कुठेतरी काहीतरी कायमचं सुटलं, ते मला तेव्हाच कळलं. टेम्पो निघाला. सगळ्यांनी ट्रॅक्टरवाल्याची वाहवा केली आणि मला परत खिळ्यावर टांगलं.

ऑक्टोबरमध्ये मला पाण्यावर ताणलं, तेव्हा लाल चिंधी पूर्वीपेक्षा पुढे गेली होती. बावखलाला काही खुणा नसतात. गुरुदत्तने चिंधी बघितली आणि तिथे बांबू रोवले. माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, मित्रांनो. त्या विश्वासाची मला आजही लाज वाटते.

पहिल्याच दिवशी मेघनाला एक मिनिट तेरा सेकंद लागले.

"सुट्टी अंगात भरलीय," गुरुदत्त म्हणाला. "होईल कमी."

बारा झाले. मग अकरा. त्याखाली आकडा उतरेचना. ती पहाटे पोहायची, शाळेतून आली की पोहायची. खांदे भरून यायचे, तरी पाण्यात उतरायची. गुरुदत्त तसा मायाळू माणूस. पण भिंतीवरचा गेल्या वर्षीचा आकडा त्याला दिसत होता आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस कडक होत चालला होता.

एकदा मेघना फळीला धरून म्हणाली, "बाबा, मला दर फेरीला एक हात जास्त लागतो. आधी वीस हात मारले की फळी यायची. आता एकवीस लागतात."

"हात आखडता मारतेस, म्हणून."

"नाही ओ बाबा. मी पूर्ण मारते."

"मग मीच खोटा का? मोबाइल खोटा?"

तो खोटा नव्हता, मोबाइलही नव्हता. खोटी मी होते. पोरगी खरं बोलत होती आणि माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवसांत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

राज्य निवड चाचणीचा फॉर्म भरायची मुदत शनिवारी संपणार होती. गुरुवारी संध्याकाळी गुरुदत्त पायरीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "आज एक-नऊच्या आत आलीस तर फॉर्म भरू. नाहीतर पोहणं बंद, अभ्यास कर. तुझे हाल मला बघवत नाहीत." त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

मेघनाने उडी घेतली. अशी ती कधीच पोहली नव्हती. पाण्याच्या हेलकाव्याने मी कडीला हिसके देत होते. तिसऱ्या फेरीत तिचा श्वास फुलला, तरी हात थांबले नाहीत. शेवटी पायरीला हात लागला.

"एक अकरा," गुरुदत्त म्हणाला. कोळसा त्याने उचललाच नाही, मोबाइल खिशात टाकला आणि घराकडे निघून गेला.

मेघना पायरीवर बसून हमसाहमशी रडली. शेजारची क्लेमेंटीन आंटी कुंपणापलीकडून धावत आली. ही कपडे शिवते. गावातल्या अर्ध्या मुलींचे फ्रॉक तिच्या मशीनवरून गेलेले. तिने टॉवेलने मेघनाचं डोकं पुसलं आणि त्या एका जास्तीच्या हाताची सगळी हकिगत ऐकून घेतली.

"काय गो, एकदा तरी मोजलं का हे?"

"दोरी आहे ना मापाची."

"अगो, गिऱ्हाईक म्हणालं की ब्लाऊज घट्ट होतो, तर मी तिला जाडी झालीस म्हणत नाही. पहिला टेप बघते. जुना टेप ताणतो."

ती घरी जाऊन नवा टेप घेऊन आली आणि गुरुदत्तलाही हाक मारून घेऊन आली. तो वैतागला होता. "क्लेमेंटीन, आता हे काय नवीन?"

"गप बस आणि दोरी सोड."

मला सोडून वाटेवर सरळ पसरलं. टेप दीड मीटरचा. सोळा टेप आणि वर एक मीटर, की पंचवीस पुरे. क्लेमेंटीन वाकून मोजत होती, मेघना टोक धरत होती. दहा. बारा. पंधरा. सोळा झाले तेव्हा लाल चिंधी अजून लांब होती. गुरुदत्त जवळ आला. सतरावा टेप पूर्ण झाला, तरी चिंधी पुढेच. वर अर्धा टेप लागला.

"सव्वा मीटर जास्त," क्लेमेंटीन म्हणाली. "चार फेऱ्यांना पाच मीटर. पोर एकशे पाच मीटर पोहतेय रे."

गुरुदत्त मटकन वाटेवर बसला. "टेम्पो," एवढंच तो म्हणाला. मग त्याने मेघनाकडे पाहिलं. तो उठला, कपड्यांसकट पाण्यात शिरला, छातीभर पाण्यात उभा राहून त्याने ते दोन्ही बांबू आपल्या हातांनी उपटले आणि सव्वा मीटर अलीकडे रोवले.

दुसऱ्या सकाळी मेघना पोहली. एक मिनिट सात सेकंद. ज्या पोरीला तो महिनाभर आळशी म्हणत होता, ती दोन सेकंदांनी पुढे गेली होती. गुरुदत्तने तो आकडा भिंतीवर लिहिला. "चुकलो गो," तो म्हणाला. मेघना हसली आणि फॉर्म आणायला पळाली.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. तीन वर्षं लागोपाठ ती राज्यात पहिली आली आणि गेल्या वर्षी तिने राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

त्या वेळी गुरुदत्त मला कापायला निघाला होता. मेघनाने कापू दिलं नाही. तिने खऱ्या पंचवीस मीटरवर पिवळी चिंधी बांधली आणि लाल तशीच ठेवली. सुट्टीत घरी आली की ती गावातल्या मुलांना बावखलात पोहायला शिकवते. पाण्यात उतरण्याआधी मला वाटेवर पसरून मुलांकडूनच मोजून घेते. हल्ली मी आणखी दोन बोटं वाढले आहे, म्हणून पिवळी चिंधी तेवढी मागे घेतली.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मागे पडलंय असं वाटलं, तर त्याला बोल लावण्याआधी ज्या दोरीने मोजलंत ती एकदा मोजून बघा. आम्ही मापं बोलत नाही, पण वाढतो. मुलं विचारतात, दोन चिंध्या कशाला. मेघना त्या दोन्हींच्या मधे हात ठेवते आणि सांगते, "एवढ्याशा जागेत मी पोहणं सोडणार होते."