गार बासरी

"अगं, तू चढतेयस," सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि माझी कानशिलं तापली.

चढतेयस म्हणजे माझा सूर चढतोय. चोराच्या उलट्या बोंबा! चढत त्या होत्या. चढत होत्या, उतरत होत्या, पुन्हा चढत होत्या, आणि शेजारी मी खुंटीला बांधल्यासारखी एका सुरावर बसले होते. पण सुनेने सासूला, तेही वीस बासरीवाल्यांसमोर, "आई, तुम्हीच" असं म्हणायचं कसं? मी ओठ आवळले. आमच्या कामात ओठ आवळलेले बरे नसतात, सूर लगेच पिळवटतो. मग त्या म्हणाल्या, "बघ, आता तर फारच."

आम्ही दोघी बासरी वाजवतो. बांबूची नव्हे, धातूची, कळांची, तीन तुकडे करून पेटीत ठेवायची. लग्नाआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते. त्यांनी मला मुलासाठी हेरलं की शेजारी बसून फुकटात वाजवणारी हक्काची मिळावी म्हणून हेरलं, हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्या संघातले निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेत. त्यांचे दोन नियम सगळ्यांना पाठ. पहिला: शेजारणीशी जुळवा, बरोबर कोण होतं ते घरी जाऊन भांडा. दुसरा: थांबलेली बासरी गार होते आणि गार बासरी उतरते, म्हणून आपली पाळी नसली तरी आवाज न करता तिच्यात गरम फुंकर घालत राहायचं. हा दुसरा नियम मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही फुंकर घालते, असं नवरा म्हणतो.

तर आमचा सगळा संघ परदेशी आला होता. गावाबाहेरच्या एका वसतिगृहात राहून तालीम करायची आणि शेवटी गावातल्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम. शेवटच्या रचनेची सुरुवात एकटी बासरी करते. ती फिरत फिरत वरच्या एका सुरावर जाऊन थांबते, तो सूर धरून ठेवते, आणि त्याच्याखाली बाकीचे हळूच शिरतात. सगळ्यात आधी शेजारीण, म्हणजे मी. ही सुरुवात सासूबाईंची होती. निघताना त्यांनी सांगून टाकलं होतं, "एवढं एकदा भरल्या सभागृहात नीट वाजवलं की मी पेटी बंद करायला मोकळी." त्यांचा मुलगा हसला होता. मी नव्हते हसले. त्या बोलतात ते करतात.

आणि नेमका तोच सूर इथे आल्यापासून हलत होता. थरथरायचा. त्या सावरायला जायच्या आणि आणखी बिघडायचा. मग माझ्याकडे वळून, "अगं, तू चढतेयस."

आमच्या संचालकाला आम्ही फूटपट्टी म्हणतो. उंच, सडसडीत, आणि सगळं मापात लागतं. तोही सासूबाईंचाच विद्यार्थी. लहानपणी स्टुलावर उभा राहून शिकला म्हणे. त्या दिवशी त्याने तालीम थांबवली आणि मला जिन्यात गाठलं.

"उद्या सकाळच्या तालमीतही असंच झालं तर सुरुवात तू वाजव," तो म्हणाला. "कार्यक्रम संध्याकाळी आहे. मला धोका नाही पत्करता येणार."

"मग सांग त्यांना तसं."

"मी? बाईंना?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "तू घरची आहेस. तूच सांग ना."

वा रे वा! मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, तर सुनेने. मी त्याला चार शब्द सुनावले आणि खोलीकडे निघाले. पण खोटं कशाला बोलू, जिना चढताना माझी बोटं कठड्यावर तीच सुरुवात वाजवत होती. मला ती हवी होती. कितीतरी वर्षं मी तिच्याखाली शिरत आले होते.

खोलीत सासूबाई नव्हत्या. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मी खाटेवर बसले तर कुठून तरी बारीक आवाज यायला लागला, चीं... चीं. आधी वाटलं डास. मग वाटलं भिंतीत काहीतरी. शोधत शोधत त्यांच्या उशीपाशी गेले. उशीखाली रुमालाची घडी, आणि घडीत ऐकू येण्यासाठी कानात घालायचं ते यंत्र, वाटाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं.

मी घडी होती तशी ठेवली. मग एकेक आठवायला लागलं. गेले काही महिने त्या केस कानांवर घेत होत्या. आधी दर वाक्याला "काय? काय?" करायच्या, ते अचानक थांबलं होतं. मी मूर्खासारखी समजले होते की सासूबाई आता माझं नीट ऐकून घ्यायला लागल्या.

कळलं ते एवढंच. पण ऐकू येत नव्हतं तेव्हा सूर सरळ होता आणि यंत्र आल्यावर तो हलायला लागला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. ते कोडं जेवणाच्या टेबलावर सुटलं. समोर नळवाले काका बसले होते. आमच्यातली सगळ्यात मोठी, वाकवलेली बासरी ते वाजवतात. बेसिनखालच्या नळासारखी दिसते म्हणून हे नाव. काकांच्या कानात उघड यंत्र आहे, आणि तालमीआधी ते काढून खिशात टाकतात हे मी रोज बघत होते.

"काका, वाजवताना ते काढता का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही काढलं तर खून पडेल कोणाचा तरी," काका म्हणाले. "अगं, हे बोलणं ऐकायला केलेलं. बासरी कानावर पडली की याला वाटतं आपणच शिट्टी मारतोय. मग ते ती शिट्टी दाबायला बघतं. एका सुराचे दोन ऐकू येतात, थरथरतात. पहिल्यांदा घातलं तेव्हा मी शेजाऱ्याशी भांडलो होतो, तू बेसूर वाजवतोस म्हणून!"

ते खो खो हसले. मला ठसका लागला. पलीकडच्या टेबलावर सासूबाई ताठ बसून जेवत होत्या, केस कानांवर.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं, तर मला कळलंय हे त्यांना कळणार, आणि पीळ मोठा बाईचा. नाही सांगितलं, तर उद्या सकाळी सूर हलणार आणि सुरुवात आयती माझ्या ताटात पडणार. कोणी मला बोलही लावला नसता. मी काय केलं असतं? काहीच नाही! तेच तर सोयीचं होतं. मी बराच वेळ ताटातलं चिवडत बसले. मग माझा मलाच राग आला. मला राग लवकर येतो, आणि एकदा आला की पाय आपोआप चालायला लागतात.

त्या खाटेवर बसून बासरी पुसत होत्या.

"आई, उद्या कानातलं काढून वाजवा."

"कुठलं कानातलं? प्रवासात दागिने आणत नाही मी."

"उशीखालचं."

बासरीवरचा हात थांबला. "माझ्या उशीखाली हात घातलास?"

"घातला! चीं चीं करत होतं ते. आणि सूर मी हलवत नाही, ते हलवतंय." मी काकांनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं, जरा मोठ्यानेच.

"ओरडू नकोस, आत्ता घातलंय मी," त्या म्हणाल्या. मग हळूच, "कोणाला सांगितलंस?"

"कोणालाही नाही."

"त्यालाही नाही?" म्हणजे त्यांच्या मुलाला.

"नाही."

त्यांनी बासरी मांडीवर आडवी ठेवली. "मला वाटलं, तू मुद्दाम करतेयस. मला बाहेर काढायला."

हे मात्र लागलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि जिन्यातली बोटं आठवून वरमलेही. "आणि मला वाटलं, तुमचं चुकतंय ते तुम्ही माझ्यावर ढकलताय," मी म्हटलं.

"काढलं तर तालमीत संचालक काय सांगतो ते ऐकू येत नाही. भलतीकडेच सुरू करेन. सगळ्यांना कळेल."

"मी आहे ना शेजारी. बासरीचं टोक उचलून खूण करेन. तुम्ही फक्त वाजवा, बाकीचं मी सांभाळते."

"तू सांभाळतेस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बासरी पुसायला लागल्या. ते हो होतं की टोमणा होता, मला कळलं नाही.

सकाळच्या तालमीत सूर सरळ उभा राहिला. तसूभरही हलला नाही. फूटपट्टी काय सांगतो ते मी टोकाने, भुवईने, पायाने त्यांच्यापर्यंत पोचवत होते. दोघींत असं काही चाललंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तालीम संपल्यावर फूटपट्टी माझ्या कानाशी आला. "सुरुवात बाईंचीच. पण मला अजून भरवसा नाही. संध्याकाळी चढल्या तर तू सावरून घे."

"घेते," मी म्हटलं. आता मी स्वतःला त्यांची राखणदारच समजायला लागले होते.

संध्याकाळी सभागृह भरलं. रंगमंचाच्या बाजूचं एक दार नीट लागत नव्हतं, आणि तिथून गार वाऱ्याची धार थेट माझ्या पायांवर येत होती. दिवे मंद झाले. मी टोक उचललं, आणि सासूबाईंनी सुरुवात केली.

मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. ओठ बघितले, बोटं बघितली, खांदे बघितले. अवघड वळण आलं की माझाच श्वास अडकायचा. एका जागी त्यांनी दम घ्यायला थोडा उशीर केला, तर माझी पाचावर धारण बसली. बासरी माझ्या मांडीवर पडून होती. त्या वर वर गेल्या, त्या सुरावर पोचल्या आणि थांबल्या. सूर उभा राहिला. मी बासरी ओठाला लावली आणि खाली शिरले.

आणि हवा थरथरली.

दोन सूर एकमेकांना घासत होते. पहिल्या रांगेतल्या बाईने मान वर केली. फूटपट्टीचे डोळे सासूबाईंवर खिळले. माझ्या मनात एकच: चढल्या! शेवटी चढल्याच! मी त्यांच्याकडे बघितलं, पण खूण काय करणार? वर जाऊन जुळवावं म्हटलं तर ओठ ऐकेनात.

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघितलं. मग बासरी बोटभरही नाही, नखभर आत वळवली आणि तो सूर खाली आणायला लागल्या. घाई नाही, गडबड नाही, जणू तसंच लिहिलंय. थरथर मंद झाली, लांबली, आणि विरून गेली. आम्ही दोघी एकच सूर होतो. मागून नळवाले काका शिरले, मग बाकीचे. फूटपट्टीने डोळे मिटले.

तेव्हा कुठे मला जाणवलं की ओठाखालचा धातू बर्फासारखा गार आहे. त्यांना राखायच्या नादात मी माझ्या बासरीत एकदाही फुंकर घातली नव्हती. त्या चढल्याच नव्हत्या. मी उतरले होते, आणि त्या मला न्यायला खाली आल्या होत्या.

टाळ्या थांबेनात. आम्ही पडद्यामागे आलो, तर फूटपट्टी धावत आला आणि वाकून म्हणाला, "बाई, कमाल! मधे जरासं चढलं होतं, पण काय सावरलंत!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

काहीही सांगता आलं असतं. छान झालं म्हणतोय, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण माझे पाय पुन्हा चालायला लागले होते.

"त्या चढल्या नाहीत," मी फूटपट्टीला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी उतरले. माझी बासरी गार होती." आणि तेच त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

"ते मला माहितीये," सासूबाई म्हणाल्या. "सूर घासला की बासरी टेकलेल्या हनुवटीला कळतं. त्याला कान कशाला हवा?"

मग त्यांनी कमरेचा रुमाल काढला, घडी उलगडली, आणि सगळ्यांसमोर केस मागे करून यंत्र कानात घातलं. नळवाले काकांचा आ वासलेला तसाच राहिला.

"हं," त्या फूटपट्टीला म्हणाल्या. "आता बोल. कोण चढलं होतं?"

"कोणी नाही, बाई," फूटपट्टी म्हणाला. अगदी स्टुलावरचा पोरगा झाला होता तो.

बाहेर टाळ्या एका ठेक्यात पडायला लागल्या होत्या. लोकांना तेच पुन्हा एकदा हवं होतं.

"आई, तुम्ही बसा आता," मी म्हटलं. "ठरलं होतं ना, एवढं झालं की पेटी बंद."

"नीट वाजवलं की, असं म्हणाले होते. हे नीट झालं? तू गार, आणि म्हणे मला सांभाळतेस."

त्यांनी यंत्र कानातून काढून फूटपट्टीच्या तळहातावर ठेवलं. "धर. बासरी वाजवताना चालत नाही हे." त्याने घाबरून मूठ मिटली, तर ते मुठीतच चीं करून ओरडलं. सगळे हसले, तोही हसला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग त्यांनी माझ्या हातातून माझी बासरी घेतली, हाताने चाचपली, तोंडाशी धरली आणि आवाज न करता तिच्यात फुंकर घातली. एकदा, दोनदा, सावकाश. परत दिली तेव्हा ती कोमट झाली होती.

"चल," त्या म्हणाल्या. "या वेळी सुरुवात तू कर. मी खाली शिरते."