घडी की वली

कालिंदी गुप्ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, इंग्रजीतून. मराठी राज्य झालं तर हे विषय मराठीत शिकवावे लागणार, म्हणून दादरच्या काही मंडळींनी परिभाषेसाठी एक समिती केली होती. खडकांच्या रचनेचे शब्द कालिंदीच्या वाट्याला आले होते. ती गिरगावातल्या घरी शब्द लावायला बसली की धाकटा भाऊ वसंत समोर येऊन बसायचा. तो विमा कंपनीत कारकून. खडकांशी त्याचा काही संबंध नव्हता, पण कान चांगला होता.

"स्ट्राइक म्हणजे संप," तो म्हणाला. "खडकसुद्धा संपावर जातात वाटतं."

"थर एका बाजूला उतरता असतो ना, तो उतार म्हणजे डिप. त्याला आम्ही नती म्हणतोय. त्या उताराला काटकोनात थरावर आडवी रेघ मारली की तिची दिशा म्हणजे स्ट्राइक."

"नतीला लंब. मग नतिलंब म्हण."

तिने ते लिहून घेतलं.

"आणि थर दाबाखाली वाकतात त्याला?" त्याने तिच्या यादीत बघत विचारलं.

"फोल्ड. वली म्हणावं असं चाललंय."

"ताई, आई चादरीची घडी घालते. वली घालते का?"

तिने घडीही लिहून घेतली.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई केंद्राकडे राहणार असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरगाव पेटलं. कर्फ्यू लागला. एका दुपारी वसंत गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल काढायला गेला. खाली रस्त्यावर गोळीबार चालू होता. एक गोळी त्याच्या मानेत लागली. कालिंदी आतून आली तेव्हा तो कठड्याला टेकून बसल्यासारखा दिसत होता. तिने आधी त्याला हाक मारली, मग आईला.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. कुणी घोषणांचं बोलत होतं, कुणी त्याला हुतात्मा म्हणत होतं. कालिंदी सगळ्यांना पाणी देत होती. आपल्याला रडू का येत नाही याचा तिने थोडा विचार केला, मग तोही सोडून दिला. तेरावं झाल्यावर ती कॉलेजात जाऊ लागली, आणि समितीची बैठक ठरली तेव्हा तिथेही गेली.

बैठक शिवाजी पार्कजवळ चिंतामणराव कर्णिकांच्या घरी होती. ते समितीचे अध्यक्ष, म्हातारे गृहस्थ.

"तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं, कालिंदीबाई."

"घरी बसून काय करू?"

सुरुवात फॉल्टपासून झाली. दोष हा शब्द सगळ्यांनीच बाद केला. तडा का नको, असं संस्कृतचे माधवराव विचारत होते.

"तडा कुठेही जातो," कालिंदी म्हणाली. "तडा गेला आणि दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, तर तो जॉइंट. त्याला संधी म्हणू. एक बाजू दुसरीवरून सरकली, वर गेली किंवा खाली गेली, तरच फॉल्ट."

"मग विभंग," माधवराव म्हणाले. ते मान्य झालं. नतिलंबही मान्य झाला. मग फोल्ड आला.

"घडी बोलायला सोपा आहे, कबूल," माधवराव म्हणाले. "पण पुढचे शब्द कसे करणार? वलीपासून वलित होतं, वलीकरण होतं. घडीपासून काय होणार?"

चिंतामणरावांनी चष्मा काढून हातात धरला. "घडीच ठेवू या. वसंतरावांनी सुचवलेला शब्द आहे. आपल्या हातून तेवढं तरी होऊ दे."

माधवरावांनी मान खाली घातली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कालिंदीला कळत होतं.

"तो गेला म्हणून शब्द ठेवू नका," ती म्हणाली. "पोरांना पुढे तो वापरायचाय. माधवरावांचं बरोबर आहे. वली लिहा."

"तुमचं नक्की?"

"नक्की. पुढचा घ्या. कमानीसारखी वर उचललेली वली, आणि पन्हळीसारखी खाली गेलेली."

त्यांना अपनती आणि अभिनती हे शब्द ठरेपर्यंत संध्याकाळ झाली. निघताना चिंतामणराव जिन्यापर्यंत आले. त्यांचे डोळे भरले होते. कालिंदीने त्यांना नमस्कार केला आणि ती ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.

घरी यशोदाबाई, तिची आई, तांदूळ निवडत होती.

"वसंताचे शब्द घेतले का गं?"

"नतिलंब घेतला. घडी नाही घेतला."

"का?"

"त्याच्यापासून पुढचे शब्द होत नाहीत."

आई थोडा वेळ ताटात बोट फिरवत राहिली. "तू भांडली नाहीस?"

"नाही."

"तो भांडला असता."

"हो."

आईने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. आता आपण उठून आईच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे कालिंदीला समजत होतं. ती बसून राहिली. मग तिने ते ताट ओढून घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले.

फेब्रुवारीच्या शेवटी ती वर्गाला वरळीच्या टेकडीवर घेऊन गेली. काळ्या पाषाणाच्या मधे मातकट थर होते, समुद्राकडे उतरत गेलेले. मुलांनी नती मोजली, होकायंत्र धरून नतिलंब काढला. मराठी शब्द तिने त्यांना आधीच सांगून ठेवले होते. खाणीच्या एका कडेला तो मातकट पट्टा मधेच तुटला होता आणि पलीकडे हातभर खाली जाऊन पुन्हा सुरू झाला होता. कांता नावाची विद्यार्थिनी तिथे उकिडवी बसली.

"बाई, हा विभंग ना? एक बाजू सरकलीय."

"बरोबर. कुठली बाजू खाली गेली ते लिही."

दुपारी मुलं सावली धरून जेवायला बसली. कालिंदीने डबा आणला नव्हता. कांताने तिच्यापुढे थालीपीठ धरलं. तिने नको म्हटलं, मग तुकडा मोडून तोंडात घातला. कितीतरी दिवसांत तिला कशाची चव कळली नव्हती.

"मीठ जरा जास्त झालंय," ती म्हणाली.

"आज मीच केलंय, बाई," कांता ओशाळून म्हणाली.

"असू दे." कालिंदीने आणखी एक तुकडा मोडून घेतला आणि समुद्राकडे पाठ करून खात बसली.